बर्फीची वाटी

“पण व्याहीबुवा, तुमच्या खात्यात काम असं कधी असायचंच का ओ?”

आप्पांनी हा पहिला चेंडू टाकला तेव्हा रेवाच्या तोंडात खिरीचा पहिला घासही गेला नव्हता. माझे बाबा पाटाशेजारी मांडी घालून बसले होते. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, घसा साफ केला.

“काम नव्हतं, असं आपलं म्हणणं? पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं माझं. कालव्याला पाणी सोडायचं तर कागद आधी माझ्या टेबलावर यायचा.”

“तरीच पाणी शेवटच्या रानापर्यंत पोचायचं नाही,” आप्पा म्हणाले आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसले.

माझं लक्ष खिरीकडे होतं. ती मी दोनदा गाळून घेतली होती. तरी एखादी शेवई राहिली असेल आणि घशात अडकली तर, या धास्तीनं मी हर्षदच्या हाताकडे टक लावून बसले होते. हर्षद माझा भाऊ, रेवाचा मामा. उष्टावण त्याच्या हातानं व्हायचं. त्यानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली, रेवाच्या ओठांना लावली. रेवानं जीभ बाहेर काढली, विचार केला आणि अंगठी सोडून मामाचं बोटच चोखायला लागली. सगळे हसले. मीही हसले, पण तिनं नीट गिळलंय हे बघून मगच.

तो सोमवार होता. आमच्या सासरी सणवार, बारसं, पाहुणे, सगळं सोमवारी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या भागाची सुट्टी सोमवारची. माझे सासरे, म्हणजे आप्पा, तिथल्या एका फाउंड्रीत साचे करायला लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले. माझा नवरा सुजित तिथल्याच एका पंपाच्या कारखान्यात. त्यामुळे या घरात रविवार एक दिवस उशिरा येतो, हे मला लग्नानंतर समजलं. माहेरी उलटा प्रकार. तिथे बाबांच्या उरलेल्या किरकोळ रजा संपवायला आम्ही दर डिसेंबरात कुठंतरी जायचो, आणि महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली की आई शिरा करायची. वर्षातून दोनदा, न चुकता.

अशा दोन घरांच्या मधोमध मी बसले होते, आणि त्या दिवशी दोन्ही घरांना माझ्याबद्दलच बोलायचं होतं.

झालं होतं असं. रेवा पोटात असताना मी सरकारी परीक्षा दिली होती. एमएस्सी केमिस्ट्री झालेलंच होतं. निकाल लागला, नाव आलं, आणि जतच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नेमणूक झाली. गुरुवारपर्यंत रुजू झाले नाही तर नेमणूक रद्द. इकडे मिरची-हळद दळणाऱ्या ज्या कंपनीच्या लॅबमध्ये मी होते, तिथूनही फोन आला होता. रजा संपवून परत या, सीनिअर करतो, पगार वाढवतो. सरकारी पगाराच्या जवळजवळ दीडपट. घरासमोर न्यायला गाडी येणार, दहा मिनिटांत लॅब, दुपारी वाटलं तर रेवाला पाजून जाता येईल. आणि जत? एस.टी.नं अडीच-तीन तास.

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कोण काय म्हणतंय ते नुसती ऐकत होते. खरं सांगायचं तर, जो काही निर्णय होईल तो दुसऱ्या कुणीतरी घ्यावा, म्हणजे चुकला तर माझ्यावर येणार नाही, असं मला वाटत होतं.

“मुद्द्यावर येऊ,” बाबा म्हणाले. “केतकीच्या बाबतीत तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतील. एक, शाश्वती. दोन, रजा. लेकरू आजारी पडलं तर साहेबाच्या दारात हात चोळत उभं राहावं लागत नाही. तीन, पेन्शन.”

“पेन्शन!” आप्पा सरसावून बसले. “पेन्शन मलाही आहे की. पीएफवाली. महिन्याला येते, त्यात गॅसची टाकी येते आणि वर कोथिंबीर. पण मला सांगा, तुमची ती जुनी पेन्शन हिला मिळणार का?”

बाबांनी उपरणं पुन्हा सारखं केलं.

“नाही मिळत बाबा,” सुजित हळूच म्हणाला. “आता नवीन योजना आहे. हिच्या पगारातूनच कापून घेणार.”

“बघा!” आप्पांनी टाळी वाजवली. “म्हणजे जे तुम्ही मिरवताय, ते हिला नाहीच. आणि बदल्या? सांगा की. किती गावं हिंडलात?”

आता बाबांच्या दुखऱ्या जागी हात पडला होता. “ते मात्र विचारू नका. केतकीच्या चार शाळा झाल्या. दर वेळी नवीन गाव, नवीन घरमालक. एका बदलीत तर हिच्या आईचं लोणचं फुटलं ते आजतागायत ऐकतोय मी.”

“आमच्याकडे तो ताप नाही,” आप्पा म्हणाले. “एक शेड, एक भट्टी, एक गाव. दिवाळीला बोनस, सेफ्टी वीकला घड्याळ, आणि वर बर्फीचा डबा!”

“हो, तो डबा,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “त्यातली वडी ह्यांनी कधी जिभेला लावली नाही. साबण म्हणायचे. गल्लीत वाटत फिरायची मी.”

भिंतीवर सेफ्टी वीकची तीन घड्याळं होती. त्यातलं एकच चालू होतं. बाबांनी ते बघितलं, पण सौजन्य म्हणून बोलले नाहीत.

तेवढ्यात बेबीआत्या मध्ये पडल्या. बेबीआत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, मिरजेला दिलेली. कुठल्याही कार्यक्रमात पाच मिनिटं शांत गेली की त्यांना चुकल्यासारखं वाटतं.

“अगं बाई, काय कोर्टात बसल्यागत बसलाय सगळे! मी निकाल लावते. केतके, तुझ्या डोहाळजेवणाला वाटी कुणी मांडली होती?”

“तुम्हीच आत्या.”

“काय निघालं?”

“बर्फी.”

“आणि काय झालं?”

सगळ्यांनी रेवाकडे बघितलं. रेवा चांदीची वाटी जमिनीवर आपटत होती.

“मग? माझी वाटी कधी खोटी बोलत नाही. व्याहीबुवांनी पेढे आणलेत, मी बर्फी आणली आहे. पेढा निघाला तर सरकारी, बर्फी निघाली तर कंपनी. हाय कबूल?”

“हे शास्त्रशुद्ध नाही,” बाबा म्हणाले.

“तुमच्या भरतीपेक्षा लवकर निकाल लागतो,” आप्पा म्हणाले. “मांड ग बेबे.”

आत्यांनी आत जाऊन दोन वाट्यांत एक पेढा, एक बर्फी ठेवली, वर वाट्याच पालथ्या घातल्या आणि ताट देवघरासमोर ठेवलं. आता बोलावणार, तेवढ्यात रेवानं अंगावर खीर सांडून घेतली, वर ठसका लागला. बस्स. मी तिला उलटी धरून पाठ थोपटायला लागले, सासूबाई पाणी घेऊन धावल्या, हर्षद “काय झालं, काय झालं” करत उभा राहिला. रेवाला काहीच झालं नव्हतं. ती हसत होती. रडायचं बाकी होतं ते माझं.

या गडबडीत आप्पा उठून आत गेले आणि परत येताना उपरण्याच्या टोकानं तोंड पुसत आले, एवढं मी पाहिलं होतं. कुठल्याही घोळक्यात कोण कुठं आहे ते मला माहीत असतं, ती माझी खोडच आहे. पाणी प्यायला गेले असतील, असं मनात आलं आणि मी विसरले.

फ्रॉक बदलून झाला. सगळे देवघरापुढे जमले. आत्यांनी वाट्या ताटात गोल गोल फिरवल्या, पत्ते पिसावेत तशा.

“उचल ग.”

“हिलाच उचलू द्या ना,” मी रेवाला पुढं केलं.

“तिला नोकरी लागल्यावर तिचं बघू. आता तू.”

मी हात पुढं केला. डाव्या वाटीवर नेला, मग उजव्या. खेळच होता हो तो, तरी हात परत डावीकडे गेला. आणि त्या क्षणी माझ्या मनात, अगदी स्पष्ट, कुणीतरी कानात बोलावं तसं आलं: पेढा निघू दे.

मी दचकले. एवढे दिवस मला वाटत होतं, मला ठरवता येत नाही.

उजवी वाटी उचलली. खाली काहीच नव्हतं. रिकामी वाटी. तळाला चांदीच्या वर्खाचा एक कण चमकत होता.

सगळे वाकून वाटीत बघायला लागले. मग बाबा, माझे गंभीर बाबा, जे ऑफिसातही कधी मोठ्यानं हसले नसतील, ते टाळी वाजवून ओरडले, “हीच! हीच ती खाजगी नोकरी! सकाळी होती, दुपारी नाही!”

असं हसणं त्या घरात मी पुन्हा ऐकलं नाही. सुजित भिंतीला टेकला. हर्षदच्या डोळ्यांतून पाणी. आप्पा तर सगळ्यांच्या वरताण हसत होते. फक्त बेबीआत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“बर्फी कुठाय? मी ह्या हातानं ठेवली होती. कुठाय माझी बर्फी?”

उत्तर सासूबाईंना सापडलं. त्या आप्पांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या आणि त्यांच्या मिशीकडे बोट केलं. पांढऱ्या मिशीत वर्ख अडकला होता. हलला की चमकायचा.

“शुगर किती आली होती परवा?”

“अगं, एक वडी…”

“किती आली होती?”

“वाटीखाली गोड झाकून ठेवलं की माणसाची परीक्षाच की ती,” आप्पा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले. “सुटला तोल.”

“लहान पोरासारखं! व्याह्यांच्या समोर! नात सात महिन्यांची आहे, तिला अक्कल जास्त आहे!”

“ही फसवणूक आहे,” आत्या म्हणाल्या. “डबा भरलेला आहे. परत मांडते.”

“परतबिरत काही नाही,” आप्पा म्हणाले. “साच्यात लोखंड ओतलं की ओतलं. एकच वाटी राहिली, त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. व्याहीबुवा, लिहून घ्या. आम्ही हरलो.”

“नोंद घेतली,” बाबा म्हणाले आणि दुसऱ्या वाटीतला पेढा माझ्या तोंडात घातला.

जेवणं झाली. बाबा आणि हर्षद तीनच्या गाडीनं गेले. जाताना बाबा माझ्या कानाशी म्हणाले, “तो खेळ होता हं. नीट विचार कर. पगाराचा फरक मोठा आहे.” मी बाबांकडे बघतच राहिले. जिंकल्यावर ते घाबरले होते.

रेवा झोपली. तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघितला, ही माझी तेव्हाची सवय, आणि बाहेर आले. आप्पा पायरीवर बसून लवंग चघळत होते. एक संपली की दुसरी. कडू काढा घेतला की ते असंच करायचे. दार ओलांडता ओलांडता माझे पाय थांबले.

“आप्पा.”

“हं.”

“तुम्ही बर्फी खात नाही.”

त्यांनी आणखी एक लवंग तोंडात टाकली.

“तोल सुटला असता तर तुम्ही पेढा खाल्ला असता. कंदी पेढा होता. वाटी उघडून बघितलीत म्हणजे दोन्ही बघितल्या असणार. मग साबण का खाल्लात?”

आप्पांनी आत डोकावून बघितलं. सासूबाईंची भांडी वाजत होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, “फार वाईट लागते ग ती. अजून जिभेवर आहे.”

मला हसू आलं. “पण तुम्ही तर सकाळपासून कंपनीची बाजू घेत होता.”

“मग काय करू? व्याही समोर बसलेत, त्यांना काय ‘व्हय साहेब’ म्हणू? वाद घालायला मजा येते. आणि घरानं सरकारी म्हटलं असतं आणि तुला नको असतं तर? तू तर तोंड उघडेनास.” त्यांनी लवंग गालात सरकवली. “कागद दाखवायला जतला जाऊन आलीस ना गेल्या महिन्यात, त्या दिवशी तू सासूला त्या बाईची गोष्ट सांगत होतीस. मी झोपाळ्यावर होतो.”

ती गोष्ट मला आठवली. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एक बाई उभी होती. कडेवर मूल. हातात लोणच्याची बरणी, तिच्यात बोअरचं पाणी. मला तिथलीच समजून तिनं विचारलं होतं, “बाई, ह्ये पाणी लेकराला देऊ का नको, तेवढं सांगा.” मी म्हटलं, मी इथली नाही. आणि सांगलीपर्यंत खिडकीशी बसून आले. मी रेवाचं पाणी वीस मिनिटं उकळते, गाळते, परत उकळते. त्या बाईला फक्त कुणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं.

“सांगताना तुझी भाकरी करपली,” आप्पा म्हणाले. “तव्यावर. वास सुटला घरभर, तुला पत्ता नाही. तुझ्या हातची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा बघितली. मिरचीच्या कंपनीचं सांगताना कधी करपली नाही. भट्टीपुढं जन्म गेलाय माझा, कुणाला कशाची आच लागली ते कळतं मला.”

“पण रेवा?” मी विचारलं. इतके दिवस घशात अडकलेला प्रश्न हाच होता. “तिला इथं ठेवून मी राहू शकत नाही. घेऊन गेले तर एकटी काय करू? आणि तुम्हाला तिच्याशिवाय करमायचं नाही. म्हणून तर मला वाटलं, तुम्ही कंपनी कंपनी करताय.”

आप्पा एकदम अवघडले. हातातल्या लवंगा मोजल्यासारखं करायला लागले. मग म्हणाले, “खोल्या बघताना दोन बघ. जमल्यास तीन.”

“म्हणजे?”

“सुजितला जेवणाचा डबा लावू. सोमवारी येईल तिकडं. सासूला मी सांगतो, शुगरचं भांडण मिटलं की.” ते उठले, पायरीवरनं रस्त्याकडे बघत उभे राहिले. “तुझे बाबा बदल्यांचं रडगाणं गातात ना, ते ऐकताना मला दर वेळी काय वाटतं सांगू? एक शेड. एक भट्टी. एकच भिंत बघत निम्मं आयुष्य गेलं. मोठ्या तोंडानं सांगतो, तो ताप आम्हाला नाही. पण नवीन गाव, नवीन बाजार, नवीन शेजारी… माझी एकदा तरी बदली व्हायला नको होती व्हय ग?”

गुरुवारी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. मी, सासूबाई, मांडीवर रेवा, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आप्पा. त्यांच्या पायाशी हत्यारांची पेटी होती. नवीन घरात खिळे ठोकायला लागतील म्हणून. एस.टी.त शेजारच्या माणसानं विचारलं, “कुणीकडं?”

“जतला. बदली झाली,” आप्पा म्हणाले. आणि वर, सुस्कारा टाकून, अगदी माझ्या बाबांच्या आवाजात, “काय करणार, सरकारी माणसाचं हे असंच.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

प्रयोगशाळेत साहेबांच्या पुढं मी सही केली. बाहेर आले तर व्हरांड्यात आप्पा रेवाला खांद्यावर घेऊन उभे, आणि बाटल्या-कॅन घेऊन आलेल्या चार माणसांना सांगत होते, “ओळीनं बसा. आमच्या बाई आत्ताच रुजू झाल्यात. दम खाऊ द्या जरा.”

सगळं सोपं झालं असं नाही. माझी सुट्टी रविवारी, सुजितची सोमवारी. आमचा संसार कितीतरी महिने एक दिवसानं चुकत राहिला. पहिल्या उन्हाळ्यात रेवाला गोवर आला तेव्हा मी आप्पांनाही बोलले, स्वतःलाही. हातात पगार कमी, हे दर महिन्याला जाणवायचं. पुढं आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ते सुजितच्या कंपनीच्या विम्यावर, सगळं, एक रुपया न भरता. तेव्हा बाबा दवाखान्यात येऊन आप्पांना म्हणाले, “हे मात्र मान्य करावं लागेल.” आप्पांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनीच हात पुढं केला. “लिहून द्या.”

रेवा आता दुसरीत आहे. परवा माझ्या बदलीचा आदेश आला. पलूस. संध्याकाळभर मी काळजीच करत होते: शाळा मधूनच सोडायची, रेवाच्या मैत्रिणी, घर कसं मिळेल. बाबांचा फोन आला, “विनंती अर्ज कर लगेच, मी मसुदा सांगतो.” मी लिहून घ्यायला पेन शोधत होते, तेवढ्यात मागच्या खोलीतून ठोकण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आप्पा भिंतीवरचे खिळे काढून पेटीत भरत होते, आणि रेवा शेजारी बसून सेफ्टी वीकचं तिसरं घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“आई,” ती म्हणाली, “आजोबांची बदली झाली, तुला सांगितलं का कुणी?”